पेकिंग-पॅरिस, एकास बारा

या पुस्तकात एकच मोटारगाडी आहे. 1907 साली पेकिंगहून निघून पॅरिसला सगळ्यांत आधी पोचलेली इटाला. ती एकास बारा या प्रमाणात, लाकूड, पितळ, पत्रा आणि कातडं वापरून घरातल्या टेबलावर कशी घडवायची, हे पुढच्या प्रकरणांत क्रमाने आलं आहे. डब्यातले तयार सुटे भाग चिकटवण्याचं हे पुस्तक नाही. इथे चाकाचा आराही स्वतः तासायचा आहे. कापायचं कसं, झाळायचं कसं, रंगवायचं कसं ते पुढे येईलच. प्रस्तावनेत मला वेगळं बोलायचं आहे. शेकडो जुन्या गाड्यांतून हीच का निवडली आणि तिची नेमकी कोणत्या दिवसाची अवस्था घडवायची, हे आधी ठरल्याशिवाय कानस हातात घेऊ नये, असं माझं मत आहे.

31 जानेवारी 1907 रोजी पॅरिसच्या 'ल मातँ' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर एक आव्हान छापलं. मोटारगाडीच्या जोरावर माणूस कुठेही जाऊ शकतो, असं म्हणतात. मग यंदाच्या उन्हाळ्यात पेकिंगहून पॅरिसला गाडी घेऊन यायची कोणाची तयारी आहे? त्या काळी मोटार ही श्रीमंतांची हौस होती.  नावं बऱ्याच जणांनी दिली, पण प्रत्यक्ष पेकिंगला पाचच गाड्या उतरल्या. द दियाँ-बुताँच्या दोन, हॉलंडची स्पायकर, काँताल नावाची तीनचाकी आणि इटलीची इटाला. 10 जून 1907 च्या सकाळी पेकिंगच्या फ्रेंच वकिलातीच्या आवारातून त्या निघाल्या.

इटालात तीन माणसं होती. गाडीचा मालक प्रिन्स शिपिओने बोर्गेझे, त्याचा चालक आणि मेकॅनिक एत्तोरे ग्विझार्दी आणि 'कोरिएरे देल्ला सेरा'चा बातमीदार लुईजी बार्झिनी. गाडी कागदोपत्री 35/45 अश्वशक्तीची. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 130 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 140 मिलिमीटर. म्हणजे इंजिन जवळजवळ साडेसात लिटरचं, नेमकं सांगायचं तर 7,433 घनसेंटिमीटरचं. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या लहान मोटारींच्या इंजिनाच्या सात-आठ पट. बाकीच्या गाड्या इटालाच्या मानाने हलक्या आणि कमी ताकदीच्या होत्या. चीनच्या डोंगरात आणि सैबेरियाच्या चिखलात जड गाडीचा निभाव लागणार नाही, असा जाणकारांचा होरा होता. बोर्गेझेने उलटा डाव टाकला, आणि तो अंगावर येता येता राहिला.

निघण्याआधी त्याने एक काम केलं, ज्यासाठी प्रत्येक मॉडेलकाराने त्याला गुरू मानावं. गाडीच्या रुंदीएवढी बांबूची काठी तोडून घेतली, घोड्यावर बसून पेकिंगच्या उत्तरेचे घाट पाहिले आणि कड्यांमधल्या अरुंद जागी ती काठी आडवी धरून गाडी निघेल की नाही ते मोजलं. साडेसात लिटरच्या इंजिनाची वाट एका बांबूने ठरवली. मोजून घेतलेलं एक माप अंदाजाच्या शंभर मापांपेक्षा भारी असतं, याचा याहून चांगला दाखला मला मिळालेला नाही. आपल्या कामाची पहिली शिस्तही तीच आहे.

घाटात गाडी स्वतःच्या बळावर चाललीच नाही. वरची बॉडी उतरवून ओझं हलकं केलं आणि माणसं व खेचरं दोरखंडांनी ती ओढत कालगान शहरापर्यंत घेऊन गेली. पुढे गोबीचं वाळवंट. तिथे वाट अशी नव्हतीच. तारायंत्राचे खांब जिकडे जातील तिकडे जायचं. पाँग-किआँग नावाच्या एका एकाकी तारघरात बार्झिनीने आपल्या वृत्तपत्रासाठी तार दिली. तारबाबूने तिच्यावर 1 हा आकडा घातला. आजची पहिली तार का, असं विचारलं, तर कळलं की तारघर उघडल्यापासूनची ती पहिली, आणि तारघर उघडून सहा वर्षं झाली होती. काँताल याच वाळवंटात पेट्रोल संपून बंद पडली. तिच्यातल्या दोघांचे प्राण मंगोल लोकांनी वाचवले.

मंगोलियातल्या इरो नदीवर इटालाचा ठिणगी पाडणारा मॅग्नेटो सोडवून कोरडा बाहेर काढून घेतला आणि गाडीला बैल जुंपले. पाण्यातून ती बैलांनी पैलतीरी नेली. आमच्या वऱ्हाडातल्या वाचकाला हे वाचून बरं वाटेल. मलाही वाटलं. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेला ट्रक बैलांनी ओढून काढताना पाहिलेली माणसं अकोल्याच्या आसपास प्रत्येक गावात सापडतील.

बैकाल सरोवराच्या परिसरात रस्ता इतका उखडलेला होता की परवानगी काढून काही अंतर रेल्वेच्या स्लीपरांवरून गाडी चालवली. एका जुन्या लाकडी पुलाच्या फळ्या वजनाने मोडल्या आणि गाडी मागच्या बाजूने खाली गेली. रेल्वेचे मजूर आले, तुळया लावून त्यांनी गाडी वर काढली. हाताने हँडल मारलं तर इंजिन सुरू! यंत्राची परीक्षा म्हणतात ती ही. पुढे उरल ओलांडल्यावर पर्मच्या भागात मागचं एक चाक कुरकुरायला लागलं, आरे हलू लागले. चाक पाण्यात ठेवून लाकूड फुगतं का ते पाहिलं. तात्पुरतं निभावलं, पण पुढे चाक खिळखिळं होऊन बसलंच. तेव्हा एका रशियन खेड्यातल्या सुताराने कुऱ्हाड घेऊन ते नव्याने बांधून दिलं. इटलीतल्या कारखान्याचं चाक, त्याला सैबेरियाच्या उंबरठ्यावरच्या खेडुताचे आरे. गाडी पुन्हा धावू लागली.

मॉस्कोत सत्कार झाले, तिथून मेजवानीसाठी वाट वाकडी करून सेंट पीटर्सबर्ग गाठलं, आणि तरीही 10 ऑगस्ट 1907 रोजी इटाला पॅरिसमध्ये शिरली. दोन्ही द दियाँ आणि स्पायकर पोचल्या 30 ऑगस्टला. बार्झिनीने या प्रवासावर लिहिलेला ग्रंथ पुढे अनेक भाषांत गेला. त्यातले फोटो हा आपल्या कामाचा मुख्य आधार. मूळ गाडी आज इटलीत, तोरिनोच्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात आहे.

आता दुसरा प्रश्न. कोणती इटाला घडवायची?

बाजारात जुन्या गाड्यांची जी मॉडेलं मिळतात ती बहुतेक शोरूममधून आत्ताच बाहेर पडल्यासारखी असतात. पितळ चकचकीत, रंगाला आरशासारखी झळाळी, चाकं कोरी. त्या कामातलं कौशल्य मी नाकारत नाही. पण देश ओलांडून आलेल्या शर्यतीच्या गाडीवर हा उपचार केला की ती गाडीच पुसली जाते. त्या वर्षी इटालाच्या कारखान्याने याच जातीच्या आणखीही गाड्या बनवल्या. त्यांना कोणी ओळखत नाही. ही एक ओळखली जाते ती तिच्यावर जे घडलं त्यामुळे. मडगार्ड काढून त्यांच्या जागी लावलेल्या लांब लोखंडी फळ्या, ज्या सोडवून वाळूत आणि चिखलात चाकांखाली अंथरता येत. मागच्या आसनाच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या पेट्रोलच्या लांब टाक्या. दोरखंड, फावडी, बांधलेली गाठोडी. आणि ते चाक. हे सगळं वगळून केलेलं मॉडेल म्हणजे लढाईवर जाण्याआधीचा शिपाई. मला परत आलेला हवा आहे.

या मताला एक भक्कम साक्ष आहे. पुढच्याच वर्षी, 12 फेब्रुवारी 1908 रोजी, न्यू यॉर्कहून पॅरिसला जायची शर्यत निघाली. अमेरिका ओलांडून, पॅसिफिक बोटीने पार करून, मग सैबेरियातून युरोप. ती जिंकली थॉमस फ्लायर या अमेरिकन गाडीने, जुलैच्या अखेरीस. तिच्यावर शेवटपर्यंत टिकून राहिलेला माणूस म्हणजे मेकॅनिक जॉर्ज शूस्टर. पुढे गाडी हातोहाती फिरली, मोडकळीस आली आणि अखेर नेवाडातल्या विल्यम हॅरा या संग्राहकाकडे गेली. 1960 च्या दशकात प्रश्न उभा राहिला की हीच ती गाडी कशावरून? शूस्टर तेव्हा नव्वदीला पोचला होता. त्याला बोलावलं. त्याने चेसीवर, प्रवासात आपण स्वतः केलेल्या दुरुस्त्या शोधल्या आणि त्यांवरून गाडी ओळखली. मग हॅराने ती कारखान्यातल्या नव्या रूपात न नेता शर्यत संपतानाच्या रूपात आणली. आज ती रीनोच्या संग्रहालयात तशीच उभी आहे. गाडीची ओळख तिच्या दुरुस्तीत होती, हे ज्याने दुरुस्ती केली त्याने स्वतः सिद्ध केलं. म्हणून या पुस्तकातली इटालाही 10 ऑगस्टची आहे.

सगळ्यांत जास्त पानं मी चाकाला दिली आहेत. संपादनाच्या वेळी ती कमी करावीत असा सल्ला मिळाला. मी ऐकला नाही. कारण तेवढ्यावर या गाडीची गोष्ट उभी आहे, आणि वऱ्हाडातला वाचक हे प्रकरण जगातल्या कोणत्याही मॉडेलकारापेक्षा चांगलं समजू शकेल.

बंडीचं चाक आठवा. मधे तुंबा, त्यात खाचा पाडून ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर गोलाकार जोडलेले पाटे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी घेराची करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवली की प्रसरण पावते, मग सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, धाव आक्रसते, चाकातला प्रत्येक सांधा करकचून बसतो. सुतार आणि लोहार दोघांचं हे संयुक्त काम, आणि दोघांपैकी एकाचाही अंदाज चुकला तर चाक वाया.

इटालासारख्या गाडीचं लाकडी चाक याच कुळातलं, पण मधली रचना निराळी. तिथे लाकडी तुंबा नसतो. प्रत्येक आऱ्याचं आतलं टोक पाचरीच्या आकारात निमुळतं केलेलं असतं. सगळ्या पाचरी मध्याभोवती एकमेकींना अंग लावून बसतात आणि दोन्ही बाजूंनी पोलादी चकत्या ठेवून बोल्टांनी आवळतात. तोफांच्या गाड्यांसाठी निघालेली ही पद्धत मोटारींनी उचलली. फायदा असा की एक आरा मोडला तर चकती सोडवून तेवढाच बदलता येतो. तोटा असा की लाकूड वाळून आक्रसलं की सगळ्या पाचरी एकदम सैल होतात. गोबीचं ऊन आणि मग सैबेरियाचा पाऊस, असा मार खाल्ल्यावर इटालाचं चाक का कुरकुरलं, ते इथे कळतं.

पातूर रस्त्यावरच्या एका गावातल्या म्हाताऱ्या सुताराला मी या चाकाचा फोटो दाखवला होता. गाडी कोणती, शर्यत कोणती, काही सांगितलं नाही. त्यांनी फोटो डोळ्यांपाशी नेला.

"हे चाक वाळलं हाय न भाऊ. आरे हालले का मंग चाक गेलंच समजा. पाण्यात ठुलं होतं काय?"

"ठेवलं होतं, काका. पण टिकलं नाही."

"नाहीच टिकत. पाणी म्हणजे दोन दिसाचं काम."

"पुढे एकानं नुसत्या कुऱ्हाडीनं नवं चाक करून दिलं म्हणतात. होते काय तसं?"

"होते न बाप्पा! वाकस असला त बेसच. नसला त कुऱ्हाड. हात पायजे."

बार्झिनीने पानं भरून जे लिहिलं ते या माणसाने एका फोटोवरून वाचलं. चाकाच्या प्रकरणाचा मसुदा मी त्यानंतर पुन्हा लिहून काढला.

मॉडेलमध्ये हे चाक करताना बारा आऱ्यांचं उदाहरण घेऊ. प्रत्येक पाचर 30 अंशांची झाली पाहिजे. एकीत अर्धा अंश कमी राहिला तर दिसत नाही, पण बारांत मिळून सहा अंशांची फट पडते आणि शेवटचा आरा डुगडुगतो. म्हणून आरे सुटे तासू नयेत. एकाच साच्यात धरून सगळ्यांच्या पाचरी एका हाताने घासाव्यात. त्यांतले काही आरे मुद्दाम कुऱ्हाडीने तासल्यासारखे, किंचित जाडसर आणि कडा न मारलेले ठेवायचे. सफाईदार काम करणाऱ्या हाताला हे फार जड जातं. पण कारखान्याच्या आऱ्याशेजारी खेड्यातला आरा वेगळा दिसलाच पाहिजे.

लाकूड कोणतं? सागवान आपल्याकडे सहज मिळतं, मेळघाटाचं नाव त्याच्यासाठीच आहे, पण या कामाला ते चालत नाही. सागाचे धागे मोठे. इतक्या बारीक आऱ्यावर ते ओरखड्यांसारखे दिसतात. हळदू घ्यावं. पिवळसर, बारीक पोताचं, एकसंध लाकूड. गिरण्यांतल्या बॉबिनी आणि फण्या त्याच्या होत. लाकडाच्या वखारीत त्याचे तुकडे कधी कधी कवडीमोलाने मिळतात, फक्त मागताना नाव नीट सांगावं लागतं.

मापाविषयी एक गोष्ट आधीच मनात बसवून घ्यावी, कारण नव्या माणसाची गल्लत हमखास इथे होते. एकास बारा म्हणजे लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी बारा पटींनी कमी. पण घनफळ आणि वजन कमी होतं ते बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे 1,728 पटींनी. सामानासकट गाडी दोन टनांची धरली तर मॉडेलचं हिशोबी वजन सव्वा किलोच्याही आतच येतं. साडेसात लिटरचं इंजिन सव्वाचार घनसेंटिमीटरचं होतं. सिलिंडरचा व्यास 10.8 मिलिमीटर. पत्र्याचंही तसंच. मूळ पत्रा 1.2 मिलिमीटर जाडीचा असेल तर आपल्याला 0.1 मिलिमीटरचा हवा, आणि तो हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. शीतपेयाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याची भिंत साधारण तेवढीच असते. धारदार कात्रीने डबा उभा चिरून, गुळगुळीत लाकडावर दाबून सपाट करावा. रसवंतीपेक्षा अशा डब्यांची विक्री वाढल्याचं मला दुःख आहे, पण एवढा एक उपयोग मी मान्य करतो.

फोटोतून माप कसं काढायचं? त्या काळी टायरवर दोन आकडे असत. पहिला बाहेरचा व्यास, दुसरा टायरची जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 880 × 120 लिहिलेला टायर जमिनीपासून 880 मिलिमीटर उंच, इतकं सरळ. टायरचा आकडा कळला की बाजूने घेतलेल्या फोटोत चाक हेच तुमची मोजपट्टी होतं. त्यावरून चेसीची लांबी, टाकीची उंची, आसनाची जागा सगळं काढता येतं. मात्र फोटो अगदी आडव्या बाजूने घेतलेला हवा. जरा तिरका असेल तर मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान दिसेल, आणि ती चूक सगळ्या गाडीत शिरेल.

आणखी एक गोष्ट फार थोड्या मॉडेलांत बरोबर सापडते. टायर काळे करू नका. रबरात काजळी मिसळून ते काळं आणि चिवट करण्याची रीत या शर्यतीनंतर रूढ झाली. 1907 चे टायर फिक्या राखाडी-पांढुरक्या रंगाचे असत. इटालाला पिरेलीचे टायर होते. आज पिरेली म्हटलं की काळाकुळकुळीत टायर डोळ्यांपुढे येतो, पण इथे तो खोटा आहे. तसंच पुढच्या चाकांना ब्रेक बसवू नका. त्या काळी ते फक्त मागे असत. स्टीअरिंग उजव्या हाताला, तेव्हाच्या युरोपातल्या बहुतेक गाड्यांसारखं. समोर काच नाही, डोक्यावर छत नाही. साखळीही नाही: त्या काळच्या कितीतरी मोठ्या गाड्यांची मागची चाकं सायकलसारखी साखळीने फिरत, इटालाने मात्र दांड्याची रचना घेतली होती. इतर गाड्यांचे आराखडे पाहून साखळी लावण्याचा मोह होतो.

धुळीचं सांगतो आणि तांत्रिक बोलणं थांबवतो. अंगणातली माती घेऊन फासली की झालं, असं वाटतं. पण मातीचा 0.1 मिलिमीटरचा कण या मापात 1.2 मिलिमीटरचा खडा होतो. गाडी धुळीने माखलेली न दिसता तिला पुरळ उठल्यासारखं दिसतं. माती वाळवून, खलून, मलमलीच्या दुहेरी कापडातून चाळावी आणि कोरड्या कुंचल्याने लावावी. आमची काळी माती सैबेरियाच्या चिखलाला चालते. गोबीसाठी मात्र नदीकाठची फिकी पोयटा माती लागते.

जठारपेठेत राहून हे सगळं कशासाठी, असं मला विचारलं गेलं आहे, प्रेमाने आणि कधी जरा काळजीनेही. अकोल्याची ही वस्ती आता दवाखान्यांची, क्लासेसची, दिवसभराच्या वर्दळीची. माझी उमेदीची वर्षं जिनिंगच्या यंत्रांच्या दुरुस्तीत गेली. तुटलेला भाग मुंबईहून यायला आठवडा लागणार आणि कापसाच्या गाड्या दारात उभ्या, अशा वेळी लेथवर जे घडवून बसवलं जाई त्यानेच हंगाम निघत असे. त्या माणसांची कामगिरी कुठे लिहिली गेली नाही. इटालाच्या प्रवासात ग्विझार्दीचं नाव तरी राहिलं. चाक घडवणारा सुतार जगाला ठाऊक आहे तो बार्झिनीने त्याच्याविषयी लिहिलं म्हणून. या गाडीशी माझं नातं तिथे जुळतं.

आणि छोट्या मापात मोठी गोष्ट घडवणं आम्हाला नवीन कुठे आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवायला नेतात. त्या बैलाचं वशिंड, शिंगांची वळणं, खुरांची ठेवण चांगल्या सुताराने केलेली असेल तर कुठल्या जातीचा बैल ते शेतकरी लांबून सांगतो. आमच्याकडे शंकरपट आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट पाहायला लांबलांबून माणसं येतात. शर्यतीच्या छकड्यात वजन कुठे कमी करायचं आणि बळकटी कुठे राखायची हे ज्यांना कळतं, त्यांना बोर्गेझेने बॉडी का उतरवली ते समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोक पाहत आहेत. तसं मोटारींचं, बंड्यांचं, जिनिंगच्या यंत्रांचं काही आमच्याकडे का असू नये?

लांब पल्ल्याच्या मोटारदौडीही आपल्या देशाला अपरिचित नव्हत्या. पेकिंगच्या शर्यतीच्या आधी, 1904 च्या डिसेंबरअखेर, मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने दिल्ली ते मुंबई अशी गाड्यांची चाचणी-दौड घेतली होती. त्या गाड्यांवर सविस्तर मराठी पुस्तक निघालं पाहिजे. ज्याला जुने कागद धुंडाळायची आवड आहे त्याने ते काम जरूर हाती घ्यावं. तेव्हाचे रस्ते आणि आजचे यांची तुलनाच नको. जून 2022 मध्ये आमच्याच अमरावती-अकोला महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. त्या रस्त्यावरून गाडी सुसाट जाते, पण आपल्या गाडीत नेमकं काय आहे हे बसलेल्या चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही. बॉनेट उघडलं तरी वर प्लॅस्टिकचं झाकण असतं. इटालाचं सगळं उघड्यावर आहे: हँडल मारलं की काय फिरतं, लिव्हर ओढला की कुठला दांडा सरकतो, ब्रेक दाबला की कशावर काय घासतं. यंत्र म्हणजे काय हे मुलाला शिकवायचं असेल तर 1907 ची गाडी आजच्या गाडीपेक्षा चांगली शिक्षक आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं माझ्याकडे येतात. गणित त्यांचं माझ्यापेक्षा पक्कं असतं, पण पितळेच्या पट्टीला डाग देताना आधी पट्टी तापवायची की सोल्डरची तार, हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. पहिला सांधा नीट बसला की ती घरी जायला तयार होत नाहीत.

पुस्तक वापरण्याबद्दल थोडं. प्रकरणं क्रमाने करा. चेसी आधी, मग कमानी आणि अ‍ॅक्सल, मग चाकं. चाकं होईपर्यंत इंजिनाला हात लावू नका. इंजिन आकर्षक आहे, सगळे तिकडेच धावतात आणि मग चाकांपाशी कंटाळून काम टाकून देतात. व्हर्निअर चांगला घ्या, बाकी हत्यारं साधी चालतील. हत्यारांच्या यादीत मी मुद्दाम महागडं काही घातलेलं नाही. छोटा लेथ असेल तर उत्तम, नसेल तर हाताच्या गिरमिटात धरून पितळेची सळई कानशीने गोल करता येते. पुस्तकातली मापं तुमच्या फोटोवरून काढलेल्या मापांशी जुळली नाहीत तर तुमचा फोटो पुन्हा तपासा, आणि तरीही तुमचंच बरोबर वाटलं तर खुशाल त्याप्रमाणे करा.

एक विनंती मात्र मनापासून करायची आहे. लाकडी चाकाची बंडी आता आमच्या भागात शोधावी लागते. बहुतेक गाड्यांना रबरी टायर लागले, आणि चाक बांधणारे सुतार व धाव चढवणारे लोहार म्हातारे झाले. मॉडेलचं चाक करायला घेण्याआधी आपल्या किंवा मामाच्या गावी जा. एखाद्या गोठ्यामागे, वाड्यात, उकिरड्याशेजारी जुनं चाक पडलेलं असेल. त्याचा व्यास, तुंब्याची लांबी, आऱ्यांची संख्या आणि जाडी, धावेची रुंदी मोजून वहीत लिहा, चारी बाजूंनी फोटो घ्या आणि ते चाक कोणी बांधलं होतं त्या सुताराचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याखाली टिपून ठेवा. ही टिपणं प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवलीत तर पुढच्या आवृत्तीत वऱ्हाडी बंडीचं एकास बारा मॉडेल हे स्वतंत्र प्रकरण घालायचं मी ठरवलं आहे. त्याची मापं तुमच्याकडून यायची आहेत.